माळा कुणाचा, ट्रंक कुणाची?

गेल्या वर्षी मे महिना संपता संपता आमच्या केंद्रात एक बाई आली. राजूरच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीतली. नवऱ्याने टाकल्याला सहा वर्षे झालेली, तेव्हापासून भावाच्या घरी. भाताची लावणी करायची, हिरडा गोळा करायचा, भावाची पोरे सांभाळायची आणि वर ‘बसून खाते’ हे ऐकून घ्यायचे. पोटगीचा अर्ज करायचे तिने एकदाचे मनावर घेतले होते. नवऱ्याने मात्र आधीच निरोप धाडला होता, की आमचे लग्नच झालेले नाही. पोटगीसाठी लग्नाचा फार काटेकोर पुरावा लागत नाही असे वकील सांगतात. पण समोरचा माणूस लग्नच नाकारतो तेव्हा पत्रिकेचा एक कागदही जड भरतो. आमच्या वकीलताईंनी विचारले, “पत्रिका आहे का? फोटो?”

“हाय ना. ट्रंकंत हाय.”

“ट्रंक कुठंय?”

“माळ्यावं.”

ती ट्रंक माळ्यावरून खाली यायला तेवीस दिवस लागले.

शिडी शेजारच्यांनी छपराच्या कामाला नेली होती, ती येईना. शिडी आली तेव्हा भाऊ पेरणीत होता. भाऊ घरी नसताना माळ्यावर चढायचे नाही, असा घरातला दंडक. तसा तो कुणी बोलून दाखवलेला नव्हता, पण होता. भावजय सातव्या महिन्यात, तिला चढवणार कोण? शेवटी मीच गेले. वाकून, मग गुडघ्यांवर, मग चक्क सरपटत मी त्या माळ्याच्या टोकाला पोचले. मधोमध हिरड्याची पोती, त्यामागे उतरवून ठेवलेली जुनी कौले, मोडकी पाभर, आणि छप्पर जिथे भिंतीला टेकते त्या कोपऱ्यात ट्रंक. तिच्यावर पाणी ठिबकून गंजाची साय धरली होती. पत्रिका वाळवीने खाल्ली होती. हाताला भुसा आला, त्यात गणपतीचे लाल चित्र तेवढे ओळखू येत होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक फोटो वाचला. अर्जाला तो जोडला. अर्ज अजून चालू आहे.

ही गोष्ट मी कायद्याबद्दल बोलण्यासाठी सांगत नाही. कायद्यावर या अंकांमधून पुष्कळ लिहून झाले आहे. मला बोलायचे आहे त्या माळ्याबद्दल, त्यावरच्या फळ्यांबद्दल, आणि घरात बाईची वस्तू कुठे ठेवली जाते याबद्दल.

समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेताना आम्ही ‘गृहनिर्माण’ हा विषय शिकलो. खोल्या मोजल्या, खिडक्या मोजल्या, माणशी किती चौरस फूट ते काढले, संडास आहे की नाही हे नोंदवले. फळी कुणीच मोजली नाही. सर्वेक्षणाच्या फॉर्मवर तसा रकानाच नव्हता. पुढे दहा वर्षे गावोगाव फिरले तेव्हा लक्षात आले, की घरात बाईचा निम्मा दिवस वस्तू काढण्यात आणि ठेवण्यात जातो. वरचे खाली, खालचे वर. एक डबा काढायला तीन डबे हलवायचे. पोते सरकवायचे, त्यामागचा हंडा काढायचा, पोते परत सरकवायचे. घरकामाच्या यादीत स्वयंपाक, धुणे, पाणी, सरपण सगळे येते; हे उचलणे-ठेवणे कुठेच येत नाही.

आपला नगर जिल्हा (२०२४ साली त्याचे नाव अहिल्यानगर झाले, लोकांच्या तोंडी अजून नगरच आहे) घरांच्या बाबतीत दोन जिल्ह्यांएवढा आहे. पूर्वेला पाथर्डी, जामखेड, कर्जतकडे पाऊस कमी. तिथे धाब्याची घरे, सपाट माळवदाची. मातीच्या भिंती हात-दीड हात जाड, आणि त्या जाडीतच सामानाची सोय: कोनाडे, फडताळ, धान्याचे बळद. पश्चिमेला अकोले तालुक्यात, भंडारदरा-घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात, पाऊस असा की सपाट छप्पर टिकायचेच नाही. म्हणून महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांची घरे उतरत्या छपराची: मधे आढे, दोन्ही अंगांना वासे, वर कौले किंवा आता पत्रे. भिंती कारवीच्या कुडाच्या, शेणामातीने लिंपलेल्या. कुडाच्या भिंतीत कोनाडा कोरता येत नाही. म्हणून इथे सामान वर जाते. तुळयांवर बांबू किंवा कारवी अंथरून माळा करतात. भाताचे बी, नागलीची-वरईची कणसे, हिरडा, सरपण, पावसाळ्याचे सगळे वर. खाली चूल पेटते, धूर वर चढतो आणि कीड लागत नाही. व्यवस्था म्हणून ही हुशारीची आहे. बहुतेक बायकांनीच ती पिढ्यान् पिढ्या राबवली आहे.

याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. देशी वाणांचे बियाणे घरात जपणे, हे त्यांचे काम. त्यांचे कौतुक करताना आपण ‘ज्ञान’ म्हणतो, ‘परंपरा’ म्हणतो. पण बी जपायचे म्हणजे आधी ते ठेवायचे. कोरडे, अंधारात, उंदराच्या वर आणि हाताच्या टप्प्यात. मडके कुठल्या फळीवर, राख किती, कोणत्या महिन्यात उघडायचे, हे सगळे त्या ज्ञानातच येते. जिच्या घरी फळी नाही, तिचे बी पुढच्या वर्षापर्यंत पोचत नाही, मग तिला कितीही माहिती असो.

आता या माळ्यावर कुणाची सत्ता चालते ते पाहा. माळा घालायचा की नाही, किती उंचीवर, शिडी पक्की की सुटी, हे घरातला पुरुष आणि सुतार मिळून ठरवतात. चढते-उतरते मात्र बाई. आपल्याकडच्या बाईची सरासरी उंची १५२ सेंटिमीटर, म्हणजे पाच फूट. हात पूर्ण वर केला तर तिची बोटे सव्वासहा फुटांच्या आसपास पोचतात. माळा असतो सात-साडेसात फुटांवर. सिमेंटच्या घरातला लॉफ्टसुद्धा दाराच्या माथ्याला, सात फुटांवरच घालतात, कारण तिथे लिंटेल येते म्हणून गवंड्याला सोयीचे. म्हणजे जमिनीवर उभी राहून बाईला तिथले काहीच काढता येत नाही. मग स्टूल, उलटा हंडा, खाटेचा कठडा, पोराच्या खांद्यावर पाय. माळ्यावरून, शिडीवरून पडलेल्या बायका मी दवाखान्यात पाहिल्या आहेत. केसपेपरवर ‘घरी पडून दुखापत’ एवढेच लिहिलेले असते. (ज्या प्रत्येक वेळी हे वाक्य वाचते त्या प्रत्येक वेळी मला दोन शंका येतात, आणि दोन्ही विचाराव्या लागतात.)

आणखी एक गोष्ट. उतरत्या छपराच्या घरात सगळ्यात बुटकी जागा कुठली? जिथे छप्पर खाली येते ती, पडवीकडची कड. पुरुषमाणसांच्या बैठकीला ओटीवर किंवा मधल्या खणात उंची मिळते. चूल कितीतरी घरांत त्या बुटक्या कडेलाच असते. जिथे ताठ उभे राहता येत नाही तिथे माणसाने सामान ठेवावे आणि उंच जागी काम करावे, हे साधे गणित. आपण उलटे केले: उंचीत सामान टांगले, बुटक्या कोपऱ्यात बाई बसवली.

नव्या घरकुलात हे सुटेल असे वाटले होते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात २०१६ पासून घराचे किमान क्षेत्र २० चौरस मीटरवरून २५ चौरस मीटर झाले, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट, त्यात स्वयंपाकाची स्वच्छ जागा धरलेली. सपाट प्रदेशासाठी केंद्राचा अनुदानाचा आकडा १ लाख २० हजार ठरला. घर बाईच्या किंवा दोघांच्या नावावर मंजूर करायचे, हा नियमही आहे आणि तो चळवळीच्या रेट्याशिवाय आलेला नाही. हे सगळे चांगले. पण मी ज्या घरकुलांत गेले तिथे भिंत सिमेंटच्या ब्लॉकची, जेमतेम सहा इंची: कोनाडा नाही, फडताळ नाही, माळा नाही, फळी नाही. चार भिंती आणि छप्पर. हप्ता मिळतो तो पाया झाला, लिंटेल झाले, छप्पर झाले याच्या फोटोवर. फळी कोणत्याच फोटोत येत नाही, म्हणून तिला हप्ता नाही. पैसे तर छपरापर्यंतच संपतात. मग पोती जमिनीवर, डबे पोत्यांवर, अंथरुणे डब्यांवर, कपडे वलणीवर. २६९ फुटांतले साठ-सत्तर फूट सामानच खाते, आणि उरलेल्या जागेत सहा माणसे. घर जिच्या नावावर आहे ती रात्री पोत्याला पाठ लावून झोपते.

डोंगरपट्ट्यात आणखी एक गंमत. कारवी पूर्वी रानातून आणायची. १९८६ साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झाले, तशी ती आणणे अवघड झाले. ब्लॉकच्या भिंती आल्या, वर मात्र पाऊस पाहून पुन्हा उतरता पत्राच घातला. म्हणजे छपराखाली तिकोनी पोकळी आहे, पण तुळया नाहीत, माळा नाही. तेवढी हवा फुकट. काहींनी नंतर लोखंडी पट्ट्या टाकून माळा केला. पण गॅस आल्यावर खाली धूर राहिला नाही, आणि माळ्यावरच्या कणसांना टोका लागतो अशी बायकांची तक्रार आहे. धूर जायलाच हवा होता, बायकांच्या छातीत किती वर्षे तो भरायचा? पण धुराचे जे एक काम होते ते आता कोण करणार, याचा विचार घर आखणाऱ्यांनी करायला हवा होता. कोठी, घट्ट झाकणाचा पत्र्याचा पिंप, हवेशीर फळी, काहीतरी.

आता त्या ट्रंकेकडे परत येते.

नवी नवरी सासरी येते तेव्हा तिची ट्रंक आठ दिवस खाली असते. येणाऱ्या-जाणाऱ्या बाया उघडून बघतात, साड्या मोजतात, भांडी वाजवून पाहतात. नवव्या दिवशी “अडगळ नको” म्हणून ट्रंक माळ्यावर जाते. तिच्यात तिचे दागिने असतील, शाळेचा दाखला असेल, माहेरच्या भांड्यांची यादी असेल. त्या दिवसापासून स्वतःच्या वस्तूला हात लावायचा तर शिडी मागावी लागते, आणि शिडी मागितली की “कशाला हवीय?” हा प्रश्न येतो. रात्री-अपरात्री मार खाऊन बाई घराबाहेर पडते तेव्हा हाताला लागेल ते घेऊन पडते. हाताला काय लागते, हे घराच्या बांधणीवर ठरते. आमच्याकडे आलेल्या बायकांच्या हातात काय होते ते आठवते मला: तान्हे पोर, पाण्याची बाटली, एकीच्या हातात तव्यावरचा उलथणा. दाखला, आधारकार्ड, बँकेचे पुस्तक कुणाच्याच हातात नव्हते.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात दंडाधिकारी स्त्रीधन परत द्यायचा आदेश देऊ शकतात. कलम १९ मध्ये तशी तरतूद आहे. पोटगीचे पूर्वीचे १२५ कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १४४ वे झाले. कलमे बदलली तरी प्रत्येक वेळी पहिला प्रश्न तोच असतो: कागद कुठे आहे? आणि उत्तर बहुतेक वेळा वरच्या दिशेला बोट दाखवून येते.

माहेरी परत आलेल्या बाईचे तर विचारूच नका. १९८८ साली संगमनेरला निशा शिवूरकर आणि समता आंदोलनाच्या कार्यकर्त्यांनी परित्यक्तांची परिषद घेतली, तेव्हा ‘टाकलेल्या’ बायका पहिल्यांदा एवढ्या संख्येने व्यासपीठासमोर बसल्या आणि बोलल्या. परित्यक्ता चळवळीच्या मागण्यांत स्वतंत्र रेशनकार्ड होते. का? कारण भावाच्या कार्डावर नाव असलेली बाई भावाच्या मर्जीवर जेवते. त्या काळी पुष्कळांना ही मागणी क्षुल्लक वाटली होती. कार्ड म्हणजे काय मोठेसे? पण कार्ड म्हणजे वेगळी चूल, वेगळे कुटुंब, वेगळी नोंद. मला फळी त्याच रांगेतली वाटते. माहेरी आलेल्या बाईला झोपायला माजघराची कड मिळते आणि सामानाला माळ्याचा कोपरा, आणि दोन्हींचा अर्थ एकच: ‘तात्पुरती’ आहे. सहा-सहा वर्षे तात्पुरती.

हे सगळे एका शिबिरात मांडले तेव्हा आमच्याच एका जुन्या मैत्रिणीने तोंडावर सुनावले. म्हणाली, बायकांना जाळतात, पोटात मारतात, आणि तू फळ्या काय मोजत बसलीस? सुताराचे दुकान काढ. हसलो सगळ्याजणी. पण तिचे म्हणणे टोचले, आणि विचार करून मी तिला एवढेच म्हणाले, की मोठ्या अत्याचाराच्या वेळी बाईला काय हाताशी मिळते ते आधीच्या दहा वर्षांतल्या लहान लहान गोष्टींनी ठरलेले असते. तिला ते पुरते पटले नाही. तसे राहू दे.

दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो. फळ्या, कप्पे, सोयी यांच्या मागे लागलो की बाई आणि स्वयंपाकघर यांची गाठ आणखी घट्ट होते, असा. याला इतिहास आहे. १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहराने कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी घरे बांधायला घेतली, तेव्हा त्यांचे स्वयंपाकघर मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईने आखले. खोली जेमतेम १.९ मीटर रुंद, ३.४ मीटर लांब. पण पीठ, तांदूळ, डाळी यांचे ॲल्युमिनियमचे कप्पे हाताच्या टप्प्यात, आणि ते घराबरोबरच बसवून दिलेले. भाडेकरूला वेगळा खर्च नाही. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे झाली. पुढे स्त्रीवाद्यांनी त्यावर टीका केली: खोली इतकी आखूड, की त्यात एकटी बाईच मावते, दुसरे कुणी हात लावायला आत येऊच शकत नाही. टीका बरोबर आहे. तरी मला त्या कामातली एक गोष्ट सोडवत नाही, की सामान ठेवायची जागा हा घराचाच भाग धरला गेला. मालकीण नंतर बघून घेईल, असे म्हटले नाही. आपल्याकडे शंभर वर्षांनंतरही घरकुलाच्या नकाशात फळीची रेघ नाही. आणि फळी बुटकी, उघडी, मधल्या खोलीत असली तर नवऱ्याला आणि मुलग्यालाही डबा कुठे आहे हे विचारावे लागत नाही. “मला कुठं माहीत काय कुठं ठेवलंय” ही सबब तरी जाते!

आता थोडे हातचे. आम्ही बचत गटातल्या बायकांबरोबर तीन घरांत काम केले. जे जमले ते लिहिते. इतर गटांना उपयोग होईल.

आधी मापे घ्या, आणि ती घरातल्या सगळ्यात बुटक्या बाईला उभी करून घ्या. आम्ही पाहिलेले पहिले घर चौदा फूट रुंद, आढे भिंतीच्या माथ्यापासून पाच फूट उंच. म्हणजे माळ्यावर फक्त मधल्या रेघेत पाच फूट मिळतात. भिंतीकडे साडेतीन फूट सरकले की अडीच फूट उरतात, भिंतीपाशी काहीच नाही. सगळे लोक नेमके भिंतीच्या कोपऱ्यात सामान कोंबतात आणि मधे पोती लावतात. आम्ही मधली वाट पूर्ण मोकळी केली. जिथे उंची अडीच फूट उरते तिथे दोन्ही बाजूंना तोंड मधल्या वाटेकडे करून पायरीसारखी मांडणी केली: खालची फळी हातभर खोल, वरची दीड वीत. त्यामागची अगदी बुटकी जागा मुद्दाम रिकामी ठेवली, हवा खेळायला आणि गळती-उंदीर दिसायला. बसल्या बसल्या, न सरपटता, सगळे हाताला येते. खोलवर काही ठेवायचेच असेल तर खोक्याला पुढून दोरी बांधा. दोरी ओढली की खोके येते.

मांडणी वाशांना किंवा पत्र्याला टांगायची नाही. तिचे पाय खाली तुळईवर यायला हवेत. जड वस्तू तुळईच्या टोकांकडे, भिंतीजवळ. मधोमध पोती रचली की तुळई वाकते. धान्याची पोती खरे तर माळ्यावर नकोतच, पन्नास किलो वर चढवणार कोण आणि उतरवणार कोण? पत्रा आणि सामान यांत वीतभर अंतर सोडा, कारण उन्हाळ्यात पत्रा भाजतो आणि पावसाळ्यात त्याला आतून घाम सुटतो. औषधे, कागद, बियाणे पत्र्याखाली ठेवूच नका. पायांना खालून हातभर वर जुन्या तेलाच्या डब्याचा पत्रा उपडे नरसाळे करून ठोकला तर उंदीर चढत नाहीत. शिडी सुटी नको. भिंतीला पक्की आणि धरायला एक आडवा दांडा.

साहित्याला फार लागले नाही. बांबू, खोक्यांच्या जुन्या फळ्या, तार, खिळे, सुताराची अर्ध्या दिवसाची मजुरी. एका घराचा खर्च हजाराच्या आत बसला. जिथे माळाच नव्हता तिथे छपराच्या बुटक्या कडेला, चूल मधे सरकवून, विटांचे तीन ठोकळे आणि त्यांवर शहाबादी फरशीचे तुकडे टाकले. फरशीच्या दुकानात कडा फुटलेले तुकडे स्वस्तात देतात. रोज लागणारे सगळे गुडघा ते खांदा या उंचीत आले. चूल सरकवायला एका घरातल्या सासूबाईंनी विरोध केला, अग्नीची दिशा बदलते म्हणून. आम्ही दिशा तीच ठेवून चूल चार फूट पुढे घेतली. त्याला त्यांची हरकत नव्हती.

आणि प्रत्येक घरात, हे आम्ही अट म्हणून घातले, खालच्या फळीवर एक कुलपाचा कप्पा. घरातल्या प्रत्येक मोठ्या बाईचा वेगळा, किल्ली तिच्याच गळ्यात. यावर मात्र सगळीकडे वाद झाला. घरात कुलूप म्हणजे अविश्वास, असे पुरुष म्हणाले. त्या तीनही घरांत पुरुषांच्या कपाटाला कुलूप होते.

ग्रामसभेत आम्ही मागणी मांडली, की घरकुलाच्या नकाशातच एका भिंतीला खांद्याच्या उंचीपर्यंत फरशीच्या तीन फळ्या धराव्यात आणि शेवटचा हप्ता त्या पाहून द्यावा. अभियंत्याने ऐकून घेतले आणि नकाशा वरून येतो असे सांगितले. दुसरीकडच्या गटांनी हीच मागणी आपापल्या ग्रामसभेत ठरावाच्या रूपाने मांडली तर वरच्यांनाही ती पुन्हा पुन्हा ऐकावी लागेल. ठरावाची नक्कल आणि गावातल्या घरांची मापे आमच्याकडे जरूर पाठवा.

ज्या बाईपासून सुरुवात केली तिच्या भावाच्या घरीही दिवाळीनंतर मांडणी झाली. भाऊ आधी तयार नव्हता. छपराला बाक येतोय हे सुताराने दाखवल्यावर झाला. ट्रंक गंजून फुटली होती, ती मोडीत दिली. तिच्या कप्प्यात आता तो फोटो, अर्जाच्या नकला, तारखांची चिठ्ठी आणि दोन साड्या आहेत. मी पाहायला गेले तेव्हा भावजय बाळाला मांडीवर घेऊन समोर बसली होती. नणंद पाणी आणायला बाहेर गेली तशी हळूच म्हणाली, “ताई, तिच्या शेजारी माझाबी एक बसंल का वो? माझी ट्रंक तर तिच्याही मागं व्हती.”

टेप काढून मोजले. कडेला दोन फूट सात इंच शिल्लक होते.